पुंडलिक केणींचा दुसरा हाफ

भाजीवाल्याच्या गाडीवरून एक लिंबू घरंगळलं. शेजारी पिशवी धरून उभ्या असलेल्या पंचेचाळिशीच्या एका माणसानं खाली न बघताच उजव्या पायाच्या आतल्या कडेनं ते अडवलं आणि म्हणाला, “भय्या, तुम्हारा लिंबू भाग रहा था.” पुंडलिक केणींना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

मी तेव्हा गिरगावातलं घर सोडून भाईंदरला, जेसल पार्कात राहायला आले होते. शाळेतून निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. केणी इथले मूळचे. आमच्या इमारतींच्या मागं, खाडीच्या अंगाला त्यांचा पाडा. पिढ्यान्पिढ्या मिठागरावर राबलेली माणसं. त्यांची मुलगी निशिगंधा माझ्याकडे गणिताला येऊ लागली आणि तिच्यामागून घरचे सगळेच ओळखीचे झाले. पुंडलिकभाऊ उंच, खांद्यांनी रुंद, बोलायला मोकळे. वरचे पुढचे दोन दात खोटे होते, आणि हसताना ते जिभेनं आतून दाबून धरण्याची त्यांना सवय होती. हाताची बोटं मात्र बघवत नसत. चार तरी बोटं वेगवेगळ्या दिशांना वळलेली. “बाई, ही माझी सर्टिफिकेटं,” असं ते म्हणायचे.

ते हॉकीचे गोलरक्षक होते, आणि तेही पगारी. मैदानावर गोलरक्षकाला ‘गोली’ म्हणतात. १९७४ साली गोरेगावच्या एका रंगाच्या कारखान्यानं त्यांना कामावर घेतलं ते खेळण्यासाठी. कागदावर ते डबे भरायच्या खात्यात होते, पण सकाळी हजेरी लावून दुपारी मैदानावर जायचे. नोकरी कच्ची होती. अकरा महिने झाले की चार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्यानं घ्यायचे. अशी नऊ वर्षं गेली.

खेळ ते शिकले मिठागरावर. पाड्याजवळच्या ख्रिस्ती वस्तीतली मुलं हॉकी खेळत. यांच्याकडे काठी नव्हती, म्हणून यांना गोलात उभं केलं. मिठाचा एखादा वाफा रिकामा पडून वाळला की त्याची जमीन सिमेंटसारखी टणक होते. तिथं थोरला भाऊ धर्माजी आणि पुंडलिक आळीपाळीनं गोलात उभे राहायचे, एकानं फळकुटानं चेंडू मारायचा आणि दुसऱ्यानं अडवायचा. दोघंही अनवाणी. कारखान्याच्या माणसानं दोघांनाही पाहिलं होतं, पण जागा एकच होती. वडील अंथरुणाला खिळलेले, मिठागर कुणीतरी बघायलाच हवं होतं. थोरला म्हणून ते धर्माजींच्या वाट्याला आलं. रविवारी मॅच असली की धर्माजी धाकट्याची पॅडची पिशवी उचलून मुंबईला जायचे आणि बाजूला बसून मॅच बघायचे.

दोन दात गेल्यावर पुंडलिकभाऊंनी तोंडाला काहीतरी घालायचं ठरवलं. वस्तीतला एक खलाशी कॅनडाहून त्यांच्यासाठी पांढराफटक मुखवटा घेऊन आला. डोळ्यांना दोन भोकं, श्वासाला बारीक फटी, मागं पट्टे. तिकडे बर्फावर हॉकी खेळतात, त्यातला गोली असा घालतो, असं त्यानं सांगितलं. “मी विचारलं, बर्फावर माणूस उभा कसा राहतो? तर म्हणाला, बुटाखाली सुऱ्या बांधतात. मी म्हटलं, मग दात कशाला जपतात?” पुंडलिकभाऊ हे सांगून स्वतःच हसायचे. मुंबईच्या मैदानांवर तसा मुखवटा त्यांच्या एकट्याकडे होता. बघणारे त्यांना ‘भूत’ म्हणू लागले.

आणि मग ती गोष्ट, जी मी दहा वर्षांत निदान वीस वेळा ऐकली असेल. १९८३ सालचा मार्च, होळीच्या आधीचा रविवार, कंपन्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना. “एक शून्यानं आम्ही पुढं. तीन मिनिटं राहिलेली. आणि अंपायरनं पेनल्टी स्ट्रोक दिला. बाई, सात यार्डांवर चेंडू. मारणारा एक, अडवणारा एक, मध्ये कुणी नाही. तो बघतोय उजवीकडं. मी म्हटलं, हा मला फसवतोय. आणि मारली डावीकडं झेप.” इथं ते नेहमी खुर्चीतून अर्धे उठायचे, आणि रंभाबाई, त्यांची पत्नी, चहाचे कप उचलून आत जायची.

स्पर्धेचा कप जिंकल्यावर महिनाभरात नोकरी पक्की झाली. पाड्यानं त्यांना दुसरा मान दिला. चैत्रात तिथं गावदेवीची जत्रा असते. पालखीचा पुढचा उजवा दांडा ज्याच्या खांद्यावर, त्यानं उचलल्याशिवाय बाकीचे हात लावत नाहीत. हा पहिला खांदा केणींच्या घराचा, आणि घरात थोरल्याचा. पण ज्यानं पाड्याचं नाव पेपरात आणलं त्याला तो द्यावा, असं त्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं. धर्माजींनी काही न बोलता दिला.

१९९८ साली धर्माजींचा मुलगा धर्मेश जत्रेच्या बैठकीत म्हणाला की आता मान थोरल्या घराकडे परत यावा. पुंडलिकभाऊ उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “ज्यानं नाव केलं त्याचा खांदा. तुझ्या बापानं काय केलं? मीठ ओढलं.” धर्माजी उठले, मुलाचा हात धरला आणि घरी गेले. तेव्हापासून दोन्ही घरांत एकमेकांकडे जेवणं नाहीत. हे मला पुंडलिकभाऊंनीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

२००६ च्या मार्चमध्ये त्यांना चक्कर येऊ लागली. निशिगंधा लग्न होऊन पुण्याला गेली होती. डॉक्टर इंग्रजीत काही बोलले तर कळायला हवं, म्हणून रंभाबाईनं मला बरोबर घेतलं. मीरा रोडच्या एका दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यानं थकलेले पण वागायला नीट. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली.

“चक्कर कानातल्या दोषामुळे आहे काका, गोळ्यांनी जाईल. पण ये चोट कब की है? इथं, कानाच्या मागं, हाड तुटून जुळलंय. आत मेंदूवर पण जुना डाग आहे.”

“हॉकीत लागलेलं,” पुंडलिकभाऊ म्हणाले. “त्र्याऐंशीच्या फायनलला. फर्स्ट हाफमध्ये. मुखवटा पुढून होता, बाजूनं डोकं उघडंच.”

“मग किती दिवस अॅडमिट होता?”

“अॅडमिट कुठला. सेकंड हाफ खेळलो मी.”

डॉक्टर हसले. समोरचा माणूस हसत नाही असं पाहून थांबले. “काका, हाड असं तुटल्यावर माणूस खेळत नाही. त्याला उचलून न्यावा लागतो.”

“खेळलो ना. पेनल्टी स्ट्रोक अडवला.”

“तुम्हाला आठवतंय?”

हा प्रश्न डॉक्टरांनी सहज विचारला, रोग्याला विचारतात तसा. पुंडलिकभाऊंनी तोंड उघडलं. मला वाटलं आता उजवीकडे बघणारा तो खेळाडू येणार, झेप येणार. त्यांची जीभ खोट्या दातांमागं जाऊन थांबली.

“न्हाय,” ते म्हणाले.

पाड्यावरच्या बोलीतला हा शब्द माझ्यासमोर त्यांच्या तोंडून कधी आला नव्हता. दहा वर्षं ज्या क्षणाचं वर्णन मी ऐकत होते, तो या माणसाच्या डोक्यात नव्हताच.

मग ते हळूहळू बोलले. चेंडू वर उसळताना पाहिला, एवढं आठवतं. त्यानंतर एकदम दहिसरचा नाका. ते टेम्पोत आडवे, गळ्यात हार, सगळे ओरडतायत. “सगळे बोलले, स्ट्रोक तू अडवलास. मला वाटलं, अडवला असेल. टीमचे मॅनेजर बोलले, डोक्याला लागलं की माणूस विसरतो, काळजी नको. दोन दिवस उलट्या झाल्या, ऊन लागलं म्हणून सोडून दिलं. मग लोक विचारायला लागले, कसा अडवलास. काहीतरी सांगायला लागतं ना, बाई.”

आम्ही बाहेर आलो. बाकड्यावर एक बाई लेकराला बिस्किट भरवत होती. रंभाबाई तिच्या शेजारी बसली आणि पदरानं तोंड पुसून, अगदी सावकाश, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही नव्हता.”

“काय नव्हतो?”

“दुसऱ्या हाफला. तुम्ही टेम्पोत पडला होता. तुमचा शर्ट, पॅड, मुखवटा घालून मोठे भाऊजी उभे राहिले.”

पुंडलिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी हे चूक म्हणून खोडून टाकीन.

“दुसऱ्या दिवशी मी मिठागरावर भाकरी घेऊन गेले,” रंभाबाई सांगत होती. “भाऊजी उघडे. छातीवर काळानिळा वण, गोल, बॉलएवढा. मी विचारलं तर म्हणाले, टोपली लागली. मी म्हटलं, टोपली गोल असते, पण एवढीशी नसते. मग त्यांनी सांगितलं, आणि म्हणाले, बोललीस तर याची नोकरी जाईल.”

“तेवीस वर्षं?”

“तुम्ही सांगायला लागलात की मी कप घेऊन आत जायची. दुसरं काय करणार?”

“आणि त्या बैठकीत... मी दादाला बोललो तेव्हा?”

“तेव्हा मी उठणारच होते. भाऊजींनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी बसले.”

पुंडलिकभाऊ भिंतीला हात लावून उभे होते. चक्कर आली असं वाटून मी पुढं झाले, पण ती चक्कर नव्हती. चाळीस वर्षं वर्गात मुलांचे चेहरे बघत आले आहे. एवढा हबकलेला चेहरा मी मोठ्या माणसाचा पाहिला नव्हता. त्या एका चेंडूवर त्यांची पक्की नोकरी उभी होती, पालखीचा खांदा होता, पाड्यातली सगळी पत होती. आणि सगळ्यात खाली, भावाला सुनावलेलं ते एक वाक्य होतं.

“बाई, तुम्ही पण चला,” ते म्हणाले. “तुमच्यासमोर दादा शिव्या देणार नाही.”

दुपारी आम्ही पाड्यावर गेलो. साठी ओलांडलेले धर्माजी ओट्यावर बसून सुकवलेला जवळा निवडत होते. शेजारी काठी. धाकटा भाऊ आठ वर्षांनी दारात आला, तरी त्यांचा हात थांबला नाही.

“बाई आल्या. बसा. रंभे, पानी दे त्यांना.”

“दादा, तो स्ट्रोक कोणी अडवला?”

धर्माजींनी रंभाबाईकडे पाहिलं. “फुटली म्हनायची गोष्ट. तेवीस वरसां टिकली, बरीच टिकली.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“म्यानेजरनं आमा सगल्यांना गावदेवीची शपथ घातली. दुसरा गोली आलाच नव्हता त्या दिवशी. भायेरचा मानूस खेलला असं कललं असतं तर कप गेला असता, न तुजी नोकरी पन.”

“नोकरी पक्की झाली. मग तरी?”

“तवा तू पालखी उचललीस. देवीच्या दांड्याखालनं तुला वढून काढू?”

“मी तुला सगळ्यांसमोर बोललो. मीठ ओढलं म्हणून.”

“मीठच ओढलं मी. खोटं काय बोललास?”

मग पुंडलिकभाऊंनी विचारलं, आणि मला वाटतं हा प्रश्न त्यांना सगळ्यात जड गेला, “झेप कशी मारलीस?”

“कसली झेप?” धर्माजींनी पहिल्यांदाच वर पाहिलं. “त्या तुज्या मुखवट्यातनं मना कायसुदिक दिसत नव्हतं. घाम डोल्यात गेला, डोले मिटले. बॉल येऊन छातीत बसला. मी हललोच न्हाय. झेप तुजी हाय. ती मी पाड्यावर तुज्याच तोंडातनं ऐकली.”

आत कुणीतरी, बहुधा धर्मेशची बायको, फसकन हसली. धर्माजी हसले नाहीत. पुंडलिकभाऊ ओट्यावर बसले आणि सुपातला जवळा पुढं ओढून, वाकड्या बोटांनी कचरा वेचू लागले.

“मी बैठकीत सांगणार,” ते म्हणाले.

“सांग. मी न्हाय बोलनार. शपथ मी घेतली, तू न्हाय.”

बैठक आठ दिवसांनी देवळाच्या मंडपात झाली. मी रंभाबाईबरोबर बायकांच्या बाजूला बसले होते. खांद्यांचा विषय निघताच पुंडलिकभाऊ उभे राहिले. मी त्यांना इतकं थोडक्यात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो स्ट्रोक मी अडवला नाही, दादानं अडवला, पहिला खांदा त्याचा, आणि आठ वर्षांपूर्वी मी त्याला जे बोललो ते मला परत घ्यायचंय. एवढंच.

मग पाड्यातले सगळ्यात वयस्कर बाबाजी पाटील उठले, पुंडलिकभाऊंच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “बस तू. डोक्याचा फोटो काढलाय तुज्या, आमाला कललंय. होतं असं. औषध घेतंस ना?”

बाबाजींचं काही चुकलं असंही म्हणता येईना. ज्यांनी तेवीस वर्षं ती झेप ऐकली, त्यांना ती आता झालीच नाही, हे कसं पटावं?

“मी वेडा नाही, बाबाजी.”

“कोन बोलला वेडा? धर्माजी, तू सांग. तू खेललास?”

सगळ्यांच्या माना वळल्या. धर्माजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते. “बाबाजी, माज्या हातात हॉकीची काठी कई बघितलीस तू?”

मंडप हसला. रंभाबाई उभी राहिली. “खरं हाय ते. मी वण बघितलाय.”

“तू बायको त्याची,” मागून एकजण म्हणाला, “तू दुसरं काय बोलनार?” पुन्हा हसू. एकटा धर्मेश हसला नाही. तो बापाकडे बघत होता, आणि बाप जमिनीकडे. पहिला खांदा पुंडलिक केणींचा, असं वहीत लिहिलं गेलं.

घरी येताना पुंडलिकभाऊ म्हणाले, “बाई, खोटं लगेच पटलं होतं सगळ्यांना.”

जत्रेच्या संध्याकाळी पालखी सजून देवळासमोर टेकवलेली होती. बँड वाजत होता, पोरं नाचत होती. चौघं आपापल्या दांड्याशी उभे राहिले. पुंडलिकभाऊ पुढच्या उजव्या दांड्याशी गेले आणि दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले.

बाबाजींनी नारळ फोडला. “उचल.”

पुंडलिकभाऊ हलले नाहीत.

“अरे उचल ना. काय झालं?”

“माझा खांदा नाही.”

आधी ढोल थांबला, मग बँड. एक पिपाणीवाला एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबला. बायकांच्या घोळक्यात कुणी तोंडावर पदर घेतला. पालखी अशी कधी अडलेली तिथं कुणी पाहिली नव्हती. पुंडलिकभाऊ सरळ उभे होते, गुडघे किंचित वाकवून, पाय फाकवून. ते तसेच किती वेळ उभे राहू शकतात, हे त्यांना गोलात पाहिलेल्या माणसांना ठाऊक असणार.

गर्दीच्या कडेनं धर्माजींचा आवाज आला. “पुंडल्या, देवीला ताटकलत ठेवतंस?”

“मी नाही, दादा. तू ठेवतोयस.”

“माजे गुडघे गेलंत.”

“माझं डोकं गेलंय. विचार यांना.”

कुणी हसलं नाही. धर्माजींनी काठी धर्मेशच्या हातात दिली आणि पुढं आले. दांड्यापाशी येऊन भावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही. मग टोपी नीट केली आणि खांदा लावला. मागच्या दांड्यावरच्या माणसाला बाजूला करून पुंडलिकभाऊ भावाच्या पाठीशी उभे राहिले. पालखी उठली. पुढून ती जरा कललेली होती, कारण धर्माजी आता वाकले आहेत.

पाड्यात आजही असं सांगतात की पुंडलिकनं थोरल्या भावाला मान दिला, एवढं मोठं मन. पुंडलिकभाऊ प्रत्येकाला दुरुस्त करतात. ऐकणारे मान डोलावतात आणि तब्येतीची चौकशी करतात. दोन्ही घरांत जेवणं मात्र पुन्हा सुरू झाली आहेत.

जत्रेनंतर आठवड्यानं ते माझ्याकडे चहाला आले. राहवेना म्हणून मी विचारलंच, तो स्ट्रोक गेल्याचं वाईट वाटतं का.

“वाटतं,” ते म्हणाले. “न वाटून कसं चालेल? पण बाई, अकरा वर्षं उभा होतो मी गोलात. आठवत नव्हता तो एकच, आणि तोच सांगत फिरलो. आठवतात असे कितीतरी राहिलेत.”

“मग एखादा सांगा की.”

त्यांनी थोडा विचार केला. “एकोणऐंशी साल. एका बँकेविरुद्ध. पाऊस पडतोय, आम्ही चार शून्यानं मागं. बघायला पंधरा माणसं, त्यातली निम्मी झाडाखाली पाऊस थांबायची वाट बघतायत. त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं जवळून उचलून मारला, डाव्या कोपऱ्यात, वर. मी उजवीकडं निघालो होतो. चुकलोच होतो. हात मागं टाकला, हा असा.” ते या वेळी खुर्चीतून उठले नाहीत. फक्त डावा हात मागं नेला आणि वाकडी करंगळी थोडी उचलली. “इथं लागला. हे बोट त्याचंच आहे. बारवरनं गेला.”

“मग?”

“मग काय. दोन मिनिटांत दुसरा मारला त्यांनी. पाच शून्यानं हरलो.” त्यांनी कप उचलला. “पण तो नाही झाला.”